अक्का, तुमची गन थुंकतेय

अक्का, तुमचं सुतक पाळता पाळता आम्ही तुमचीच गन वाळवून ठेवली.

हे तुम्हाला कसं सांगावं, याचा विचार करत मी कितीतरी वेळ कारखान्याच्या दारात उभी होते. तुम्ही असता तर सांगायची गरजच पडली नसती. दारातूनच तुमच्या नाकाला वाळल्या रंगाचा वास लागला असता आणि "कुनी ठिवली ही अशी?" असा पहिला प्रश्न आला असता. मी तुमच्या दिरांकडे बोट दाखवलं असतं, दिरांनी माझ्याकडे, आणि संध्याकाळी तुम्ही दोघांशीही न बोलता ताटं वाढली असती. आता विचारणारं कुणी नाही, म्हणून आपणहून सांगतेय.

बाहेरच्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटेल, या घरात बायका बंदुका चालवतात. गन म्हणजे आपला एअरब्रश. पेनासारखा हातात धरायचा, डोक्यावर छोटासा कप, शेपटीला कॉम्प्रेसरची नळी. कपात रंग घालायचा, बोटानं खटका दाबून मागे ओढला की रंगाचं धुकं निघतं. त्या धुक्यानं गणपतीच्या गालाला, सोंडेच्या वळ्यांना, कानांच्या कडांना सावली द्यायची. त्याला आपण शेडिंग म्हणतो. आखीव डोळे पुष्कळ जणांना जमतात. पण पांढऱ्याफटक प्लास्टरला अंग आल्यासारखं वाटतं ते शेडिंगनं, आणि केडगावात ते "मोठ्या बाईंचं शेडिंग" म्हणून ओळखलं जायचं. मोठ्या बाई म्हणजे तुम्ही. मी धाकटी जाऊ, तुमच्या दिरांची बायको शालन, मुकुटाला सोनेरी लावणारी.

त्या दुपारी तुम्ही नेहमीसारख्या शेडमध्ये बसला होता. समोर फिरत्या पाटावर मूर्ती, पदर खोचलेला, कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडतोय. मूर्तीची उजवी बाजू झाली होती. तुम्ही डाव्या कानाकडे पाट फिरवलात आणि तुमचा हात खाली आला. मला वाटलं, पाठीला रग लागली असेल. तुम्ही गन खुंटीला अडकवली, भिंतीला धरून उठलात आणि म्हणालात, "शालन, मला जरा कसंतरी व्हतंय गं. कपावर झाकन ठिव, रंग वाळंल."

मी झाकण ठेवलं. मग रिक्षा आली. केडगावाहून सावेडीच्या दवाखान्यापर्यंत तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मध्येच डोळे उघडून तुम्ही विचारलंत, "ठिवलं का?"

"ठेवलं, अक्का."

"घट्ट?"

"घट्ट."

लोक शेवटी देवाचं नाव घेतात, लेकरांची नावं घेतात. आपलं शेवटचं बोलणं झाकणावर झालं. दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून गेले, तेव्हा मी आत धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला एकेरी हाक मारली. "अक्का, ऊठ गं," म्हणाले. तुम्ही उठला नाहीत, आणि एकेरी बोलले म्हणून रागावलाही नाहीत. तेव्हा मला खरं वाटलं.

सुतकावरून तुमचं आणि भावकीचं जुनं भांडण. सासूबाई गेल्या तेव्हाही सीझन असाच तोंडावर आला होता. म्हातारी माणसं म्हणाली, तेरावा होईस्तोवर मूर्तींना हात लावायचा नाही. तुम्ही पदर डोक्यावरून घेऊन, पण स्पष्ट ऐकू जाईल असं बोललात, "हात लावायचा न्हाई तो देवाला. ह्यो देव कुठं हाय अजून? ह्यो माल हाय. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसंल, पूजा व्हईल, तवा देव व्हईल." म्हातारे त्यावर जास्तच रागावले. तुमचं चाललं नाही. त्या वर्षी अर्धा माल शेडिंगवाचून गेला, आणि तुम्ही दिवाळीपर्यंत ते बोलून दाखवत होतात.

या वेळी बोलायला तुम्ही नव्हता. तुमच्या दिरांनी शेडला कुलूप घातलं. मी म्हणाले, "मूर्तींना नाही लावत हात, निदान गन तरी धुऊन ठेवते." ते म्हणाले, "वहिनीचं सुतक हाय. तिचं तरी नीट पाळू दे मला." तुम्ही लग्न होऊन या घरात आलात तेव्हा ते शाळेत जात होते. तुम्हीच त्यांच्या डोक्याला तेल थापून, भांग पाडून शाळेत धाडायचात. त्यांचा आवाज असा निघाला की मी किल्ली त्यांच्याच हातात राहू दिली. चूक होत होती, हे मला ठाऊक होतं. पण रडणाऱ्या माणसाच्या हातून किल्ली हिसकावून घ्यायला तुमच्यासारखी छाती लागते.

तेरावा झाला, पाहुणे गेले आणि कुलूप निघालं. आत मूर्ती तशाच रांगेनं बसलेल्या, अंगाला नुसता एकसारखा रंग, चेहरे कोरे. पाटावर ती अर्धी मूर्ती. उजवीकडून पाहिलं तर गणपती, डावीकडून पाहिलं तर माल. तुमचं म्हणणं इतकं नीट समोर मांडून ठेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खुंटीवर गन, कपावर झाकण घट्ट. झाकण उघडलं तर आत रंगाचा दगड झालेला. झाकणानं चार दिवस निभलं असतं, तेरावा नाही.

कॉम्प्रेसर सुरू करून खटका दाबला. हवासुद्धा धड येईना. तुमचे दीर बाजूला उभे होते. म्हणाले, "रविवारी टेम्पो भरायचाय. व्यापाऱ्याला शब्द दिलाय. पलीकडच्या कारखान्यात शेडिंगला देऊन टाकू ह्या वर्षी."

"आणि ही?" मी पाटावरच्या मूर्तीकडे बोट केलं.

"ही बी. ठिवून काय करायची?"

अक्का, पलीकडच्या कारखान्यातले लोक वाईट काम करत नाहीत. झटकन करतात एवढंच. पण अर्ध्या चेहऱ्यावर तुमचा हात आणि उरलेल्या अर्ध्यावर ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही त्यांचा, हे माझ्या डोळ्यांपुढं येईना. मी म्हणाले, "मी गन साफ करते. चालली तर मी करीन शेडिंग. रविवारपर्यंत नाही चालली, तर तुम्ही म्हणाल तिथं पाठवू."

"तू?" ते म्हणाले.

चेष्टेनं नाही म्हणाले. पण मला तो "तू?" झोंबला, कारण तो तुमचा होता.

आता बोलूनच टाकते. इतक्या वर्षांत सीझनला तुम्ही एकदाही गन माझ्या हातात दिली नाहीत. दागिने माझे, पितांबर माझं, उंदीर माझा. उंदराच्या कानाला जरा गुलाबी मारू का म्हटलं तरी तुम्ही गन दुसऱ्या हातात घ्यायचात. "तुझं बोट जड हाय, शालन." पोळ्या तुमच्यापेक्षा पातळ लाटते मी, पाहुण्यांसमोर तुम्हीच कौतुक करायचात, आणि खटक्यावर आलं की बोट जड! मी चिडून म्हणायचे, "हलकं कधी होणार मग, गन हातात न घेता?" तुम्ही हसून कॉम्प्रेसर सुरू करायचात, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. त्या वादाचा निकाल लागायचा होता. तुम्ही मध्येच उठून गेलात.

आणि दुसरा वाद थिनरचा. मी मोबाईलवर बघितलं होतं की गनचे भाग सुटे करून थिनरमध्ये बुडवून ठेवायचे, सगळं सुटून निघतं. तुमचा त्यावर विश्वास नाही. तुमचं आपलं रोज काम संपलं की रिठ्याचं कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश आणि मलमलीची चिंधी. गनच्या आतली सुई हळूच मागे ओढून काढायची आणि जाडीकडून टोकाकडं फिरवत पुसायची. टोकाकडून जाडीकडं कधी नाही, चिंधी अडकते आणि टोक वाकतं. थिनर म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "आतलं रबर फुगतंय त्यानं. त्या मोबाईलवाल्याला म्हनावं, ये एकदा सीझनला, पाट घालते बसायला." दरवर्षी हाच वाद, तेच शब्द. कधी कधी मला वाटायचं, आपण तो मूर्ती वाळेपर्यंत वेळ जावा म्हणून घालतो.

रिठ्याच्या पाण्यानं मात्र या वेळी भागणार नव्हतं. आणि स्टोव्हच्या पिनेचं नाव या घरात काढायची सोय नाही. आठवतं ना? मागे ऐन सीझनला गनच्या टोकाचं नोझल तुंबलं, तर तुमच्या दिरांनी हुशारीनं स्टोव्हची पिन त्यात खुपसली. "स्टोव्ह भडकतो याच्यानं, मग हे तर काय, एवढुसं हाय," म्हणाले. नोझलचं तोंड चिरलं. गन रंग फवारायच्या ऐवजी पिचकारी मारायला लागली आणि एका गणपतीच्या पोटावर पान खाऊन थुंकल्यासारखा डाग पडला. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही त्यांना फक्त म्हणालात, "पुन्याची यष्टी किती वाजता हाय, बघा." ते निमूट गेले आणि नवं नोझल घेऊन आले, आणि त्यानंतर त्यांनी गनकडे हात मागे बांधून बघायची सवय लावून घेतली.

मग मी चादर अंथरली, वर पांढरं फडकं, म्हणजे बारीक भाग हरवू नयेत, आणि गन सोडवायला बसले.

आधी कप. चमच्याच्या दांडीनं कड जरा उचलली तर रंग अख्खा सुटून आला. वरून दगड वाटत होता, पण काठाला लागलेला थर सायीसारखा होता. आतल्या कपाचा आकार जसाच्या तसा घेतलेली रंगाची इवलीशी वाटी माझ्या तळहातावर आली. तुमच्या हातानं कालवलेला शेवटचा रंग. तुमच्या रंगाला माप कधी नव्हतं. गेरू किती, पिवळा किती, तो लालसर थेंब किती, विचारलं की "डोळ्याला पटंस्तवर." माझ्या डोळ्याला पटंस्तवर केलं की तुम्ही म्हणायचात, "हा विटांचा रंग झाला." आता पहिल्यांदाच तुमच्या डोळ्याला काय पटायचं ते माझ्या हातावर वाळून बसलं होतं. ती वाटी मी काचेच्या तुकड्यावर ठेवली. नवा रंग कालवताना शेजारी ओढून बघायला.

पुढं नोझल. भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं. तोंडात रंग गच्च. रिठ्याचं पाणी करून बघितलं, गरम पाणी करून बघितलं. मग मी उठले, शेडचं दार उघडं टाकलं, वाटीत थिनर ओतलं आणि सगळे भाग त्यात सोडले. तुमच्या खुंटीकडे पाठ करून केलं हे. तुम्ही गेल्यावर तुमच्या मनाविरुद्ध काहीतरी करायचं तर पाठ करूनच करावं लागतं.

रंग सुटला! थिनर गढूळ झालं, नोझलच्या तोंडातून उजेड दिसायला लागला. मी ते उजेडासमोर धरून लहान पोरासारखा एक डोळा मिटून आरपार बघितलं. नोझलच्या आट्यांमध्ये थोडा पिवळट, चिकट मळ होता, तोही मी ब्रशनं घासून घासून काढला. अक्का एवढ्या स्वच्छतेच्या, आणि आट्यांत मळ, असंही मनात आलं. मग सगळं पुसलं, जोडलं, कपात पाणी घातलं आणि खटका ओढला.

कपात बुडबुडे. भात शिजताना येतात तसे बुडबुड बुडबुड, आणि पुढून गन थुंकायला लागली. थुंकायची, थांबायची, पुन्हा थुंकायची. पुन्हा सोडवली, पुन्हा पुसली, पुन्हा जोडली. पुन्हा तेच. कोऱ्या मूर्ती रांगेनं माझ्याकडे बघत होत्या, आणि मला तुमचा इतका राग आला, अक्का! ही एक गोष्ट मला शिकवली असतीत तर काय झालं असतं? पोळ्या शिकवल्यात, गोधडीचा टाका शिकवलात, भावकीत कुणाशी किती बोलायचं ते शिकवलंत. ही गन तेवढी स्वतःजवळ ठेवलीत. मी तिथंच फडक्यावर डोकं टेकून म्हणाले, "न्या मग ही पण." पुढच्याच क्षणी जीभ चावली.

त्याच दुपारी शकूरभाई बसायला आले. आपला कॉम्प्रेसर बघणारे. दहाव्याला गावाला गेले होते म्हणून राहून गेलं म्हणाले. पाणी घेतलं आणि तुमच्या बसायच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "भाभी, बाई दुकानात यायची ना, तर वॉशर असा वाकवून वाकवून बघायची. मी म्हनायचो, बाई, वॉशर हाय, भाकर न्हाई." हसता हसता त्यांनी रुमालानं डोळे पुसले. मी गन दाखवली. त्यांनी कॉम्प्रेसरला हात लावून बघितला, काटा बघितला. "हवा बरोबर हाय. बीमारी गनच्या पोटात हाय." आतलं रबर काढून दाखवलं तर ते फुगून बटणासारखं झालेलं. थिनर. तुमचा हा मुद्दा खरा ठरला, लिहून देते. शकूरभाईंनी खिशातल्या डबीतून नवं रबर काढून बसवलं. बुडबुडे जरा कमी झाले. गेले नाहीत. त्यांनी मान हलवली. "हवा कुठून तरी निसटते भाभी. कुठून, ते मला न्हाई सांगता येत. ही बाईची गन."

शनिवार उजाडला आणि सकाळीच मीराचा फोन आला. तुमची लेक संगमनेरहून तेराव्याला आली तेव्हा तुमचं एक लुगडं घेऊन गेली होती. म्हणाली, "काकी, एक राहिलं. आईची मेणाची डबी तिथं हाय का बघ ना. दादांची आठवण म्हणून तिनं ठिवलेली. मला दे ती."

डबी कुठं आहे ते मला बघायची गरज नव्हती. गनच्या खुंटीखालच्या फळीवर. कुंकवाखाली लावायच्या मेणाची, पितळेची, झाकणाला पोचा आलेली. मोठे भावजी, म्हणजे मीराचे दादा, होते तेव्हा तुम्ही बोटानं मेण लावून वर ठसठशीत कुंकू लावायचात. ते गेले आणि तुमचं कपाळ मोकळं झालं, पण ती डबी घरातून उठून शेडमध्ये तुमच्या हाताशी येऊन बसली. ही गन मुळात त्यांची. ते टेम्पोंच्या पाठीवर मोर आणि धबधबे काढायचे. त्यांच्यामागं तुम्ही ती खुंटीवरून काढलीत, न्हाणीच्या भिंतीवर पाणी मारून मारून हात बसवलात आणि दोन लेकरं वाढवलीत. तुम्ही दिवसातून कधीतरी ती डबी हातात घ्यायचात, माझ्याकडे पाठ करून. मला वाटायचं, अक्का भावजींशी बोलताहेत. मी मुद्दाम उठून बाहेर जायचे, काही नाही तर बादली घेऊन. एवढ्या वर्षांत मी त्या डबीचा विषय काढला नाही. बाईच्या दुःखाला बोट लावू नये, एवढी अक्कल आहे मला.

मीराला द्यायची म्हणून मी डबी पुसायला घेतली आणि झाकण उघडलं.

मेणावर बोटाचा ठसा नव्हता. मेणावर वळ होते, केसाएवढे बारीक, एकाशेजारी एक, जागोजागी फिरवून उठवलेले. मी फडक्यावरचं नोझल उचललं आणि त्याचे आटे त्या वळांवर टेकवले. तंतोतंत बसले.

मी जो मळ म्हणून घासून काढला होता, ते मेण होतं. आट्यांतून हवा निसटू नये म्हणून तुम्ही रोज नोझल मेणावर फिरवून मग आवळत होतात. आणि मी इकडं डोळे पुसत बादली घेऊन बाहेर जात होते! अक्का, मला हसू आलं. तुम्ही गेल्यापासूनचं पहिलं हसू, आणि ते थांबेना. तुमचे दीर धावत आले, त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. मी त्यांना डबी दाखवली, नोझल दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे वहिनी दादाची आठवण काढत नव्हती?" मी म्हणाले, "गनला मेण लावत होत्या." ते तिथंच चादरीवर टेकले आणि तेही हसायला लागले. सुतकातून उठलेलं घर असं हसतंय हे कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे.

मग हसू ओसरलं आणि दुसराच विचार आला. मेण तर बाजारात कुठंही मिळतं. तुम्ही तेच मेण, त्याच डबीतलं का वापरलंत? भावजींच्या गनला भावजींच्या वेळच्या डबीतलं मेण. दोन्ही खरं असेल. मी उठून बाहेर न जाता एकदा जरी "अक्का, काय करताय हो?" म्हणाले असते, तर तुम्ही सांगितलं असतं, आणि बहुतेक गनही हातात दिली असती. तुम्हाला वाटत असेल, हिला शिकायचंच नाही, बघावं तेव्हा बादली घेऊन पळते. आपण दोघी एकमेकींना जपत बसलो आणि जपता जपता एवढी साधी गोष्ट बोलायची राहिली.

मीराला फोन करून सांगितलं. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "मग ती तिथंच राहू दे काकी, फळीवर. तुला लागंल."

नोझल मेणावर फिरवलं, बोटानं जास्तीचं काढलं, आवळलं. कपात पाणी. खटका ओढला. बुडबुडा एकही नाही. रद्दीच्या कागदावर ओल्या धुक्याचा गोल उमटला, कडा विरत गेलेला. थिनरचं श्रेय माझं, रबराचं तुमचं, मेणाचं तर सगळंच तुमचं. वाद बरोबरीत सोडू या.

काचेवरच्या तुमच्या वाटीशेजारी रंग ओढून ओढून बघत कालवला. एकदा विटांचा झाला, एकदा हळदीचा, मग पटला. व्यापाऱ्याच्या मूर्ती आधी घेतल्या. पहिल्या मूर्तीच्या गालावर रंग बदाबदा बसला, बिचाऱ्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. पुसून, पुन्हा अंगाचा रंग देऊन बाजूला ठेवली. तुमचं म्हणणं खरंय अक्का, बोट जडच आहे माझं. खटका दाबायचा नसतो, त्याच्यावर बोट नुसतं असू द्यायचं असतं, हे चौथ्या-पाचव्या मूर्तीला कळलं. तुम्ही "जड" म्हणत होतात ते टोमणा म्हणून नाही, तर काय करायचं ते सांगत होतात, हेही तेव्हाच कळलं. मला बाई प्रत्येक गोष्ट उशिरा कळते. पण कळली. तुम्ही समोर बसू दिलंत म्हणून कळली. गन दिली नाहीत, तरी तुमच्या हाताच्या समोरची जागा तुम्ही मला दिलीत, आणि ती दुसऱ्या कुणाला कधी बसायला दिली नाहीत.

रविवार उजाडायच्या आत रांग संपली. मग ती अर्धी मूर्ती घेतली. गाल झाला, सोंडेचं उरलेलं वळण झालं. डावा कान राहिला होता. पाट फिरवला आणि कानाच्या वरच्या कडेपासून खाली यायला लागले. कॉम्प्रेसर धडधडत होता, गन बारीक सूं करत होती, न अडखळता.

तेवढ्यात अंगणापलीकडून, स्वयंपाकघरातून तुमच्या दिरांचा आवाज आला. "वहिनी, चहा झालाय!"

आणि मग काहीच आलं नाही. कपबशी ठेवल्याचासुद्धा आवाज नाही. गनचा आवाज ऐकून त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं होतं, आणि आता तो माणूस हातात गाळणी घेऊन तिकडं तसाच उभा असणार, हे मला न बघता कळत होतं. माझे डोळे भरून आले. पण खटका ओढलेला होता, कानाची कड अर्ध्यावर आली होती, आणि रंग चालू असताना हात थांबला की तिथंच थेंब साचतो. म्हणून मी हात थांबवला नाही. नीट दिसत नव्हतं, तरी वळण पाठ होतं. कानाच्या पाळीपर्यंत हात नेला, खटका सोडला, आणि मग रडले. कानावर एक डाग नाही, अक्का.